चिमूटभर भस्माची क्ष-किरण परीक्षा : अल्प नमुन्याची पूर्वसिद्धता

प्रास्ताविक

भस्मपरीक्षेची परंपरा आपल्या शास्त्रात जुनी आहे. रेखापूर्णत्व, वारितरत्व, निश्चंद्रत्व, अपुनर्भव आणि निरुत्थ या परीक्षांमध्ये बोट, पाणी, सूर्यप्रकाश आणि अग्नी हीच वैद्याची साधने होत. या परीक्षांचा निष्कर्ष करणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो, हे प्रत्येक विद्यार्थी रसशाळेत पहिल्याच वर्षी शिकतो. तर्जनी व अंगठ्याच्या चिमटीतून अलगद सोडलेले भस्म पाण्यावर तरते. तेच भस्म ढिगाने टाकले तर बुडते. यंत्राने केलेल्या परीक्षेला मात्र अशा हातगुणाची गरज नसते, असा समज आपल्यांपैकी अनेकांत आढळतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हा समज दूर करणे हाच आहे.

एक्स-रे फ्लुओरेसन्स, अर्थात क्ष-किरण प्रतिदीप्ती, ही मूलद्रव्ये ओळखण्याची पद्धत आहे. पुढे तिला आम्ही एक्सआरएफ असे म्हणू. आयुर्वेदाच्या दृष्टीने या पद्धतीला विशेष महत्त्व आले ते डिसेंबर २००४ मध्ये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात त्या महिन्यात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारद वा आर्सेनिक आढळल्याचे नमूद होते. २००८ मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या दुसऱ्या अभ्यासात इंटरनेटवरून मागविलेल्या १९३ उत्पादनांपैकी सुमारे २१ टक्क्यांत हे धातू मिळाले. दोन्ही वेळी मापनाची पद्धत एक्सआरएफ हीच होती. या निष्कर्षांचे गांभीर्य कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु ज्या पद्धतीच्या अंकांवर आपल्या औषधांचा न्याय होतो, ती पद्धत वैद्याला समजली पाहिजे, हे ओघाने आलेच.

प्रत्यक्ष व्यवहारात अडचण येते ती नमुन्याच्या प्रमाणाची. प्रयोगशाळा सामान्यतः ५ ते १० ग्रॅम पूड मागते. वैद्यापुढे असते ती रुग्णाने आणलेली, उरलीसुरली दोन गुंजांची पुडी, म्हणजे सुमारे २५० मि.ग्रॅ. द्रव्य, अथवा माक्षिकाचा मुगाएवढा खडा. एवढ्या अल्प नमुन्यातून विश्वसनीय उत्तर मिळू शकते. मात्र यंत्र हे पुडीतील औषधाचे नव्हे, तर त्याच्यापुढे ठेवलेल्या पृष्ठभागाचे वर्णन करते. तो पृष्ठभाग संपूर्ण पुडीचा प्रामाणिक प्रतिनिधी करणे हे नमुना सिद्ध करणाऱ्याचे कर्तव्य होय.

पद्धतीचे मूलतत्त्व

नमुन्यावर क्ष-किरण पडले असता अणूंच्या आतल्या कक्षांतील इलेक्ट्रॉन बाहेर फेकले जातात. रिक्त जागा वरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन भरून काढतात व त्या वेळी प्रत्येक मूलद्रव्य स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण उत्सर्जित करते. या ऊर्जेचा अणुक्रमांकाशी असलेला नियमबद्ध संबंध मोझ्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये दाखविला. लोहाचा मुख्य किरण ६.४०, ताम्राचा ८.०५, यशदाचा ८.६४, तर वंगाचा २५.२७ किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचा असतो. ऊर्जेवरून मूलद्रव्य कोणते ते कळते आणि किरणांच्या संख्येवरून त्याचे प्रमाण काढता येते. सराफी दुकानांत सोन्याचा कस सांगणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. मात्र ते धातूंच्या मिश्रणासाठी प्रमाणित केलेले असल्याने भस्माची पूड त्याखाली धरून आलेल्या अंकांना अर्थ नसतो.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. उत्सर्जित किरणांना नमुन्यातून बाहेर यावे लागते. गंधक, सिलिकॉन, ॲल्युमिनियम यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे किरण दुर्बळ असतात. रससिंदुरासारख्या जड द्रव्यात गंधकाचा किरण केवळ काही मायक्रॉन जाडीच्या थरातूनच बाहेर पडू शकतो. उलट वंगाचा किरण हलक्या वनस्पतिज चूर्णातून कित्येक मिलिमीटर खोलीवरूनही येतो. म्हणजे एकाच नमुन्याच्या एकाच मापनात गंधकाचा अंक हा वरच्या पापुद्र्याचा, तर वंगाचा अंक हा जवळजवळ संपूर्ण जाडीचा असतो. कण मोठे असतील, एका द्रव्याचा लेप दुसऱ्यावर चढला असेल, किंवा थर पुरेसा जाड नसेल, तर अंक चुकतात. आणि यंत्र मात्र ते दोन दशांश स्थळांपर्यंत छापून देते.

प्रश्न आधी, नमुना नंतर

नमुना हाती घेण्यापूर्वी आपल्याला नेमके काय जाणून घ्यायचे आहे ते लिहून काढावे. अल्प नमुना एकदाच वापरता येतो, म्हणून हा क्रम अनिवार्य आहे.

पहिला प्रकार ओळखीचा. हा खडा सुवर्णमाक्षिक आहे की विमल? सुवर्णमाक्षिक म्हणून घेतल्या जाणाऱ्या चाल्कोपायराइट या खनिजात शुद्ध स्थितीत ताम्र ३४.६, लोह ३०.४ व गंधक ३४.९ टक्के असते. विमल म्हणून अनेकदा विकल्या जाणाऱ्या पायराइटमध्ये ताम्र नसतेच, लोह ४६.६ व गंधक ५३.४ टक्के असते. या प्रश्नाला काही मिलिग्रॅम पुरतात.

दुसरा प्रकार प्रमाणाचा. समगुण कज्जलीत पारद व गंधक निम्मे-निम्मे असावयास हवेत; शुद्ध रससिंदुरात, म्हणजे पारदाच्या सल्फाइडात, पारद ८६.२ व गंधक १३.८ टक्के. येथे कणांचा आकार व पृष्ठभाग निर्णायक ठरतात.

तिसरा प्रकार अल्पांशाचा. आयुर्वेदीय औषधिकोशात वनस्पतिज द्रव्यांसाठी दिलेल्या मर्यादा दहा लक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारद १ व कॅडमियम ०.३ भाग अशा आहेत. केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. कॅडमियमची मर्यादा साध्या एक्सआरएफ यंत्राच्या आवाक्याबाहेर असते आणि पारदाचीही बहुधा तशीच. म्हणून अहवालातील 'आढळले नाही' या शब्दांचा अर्थ 'मर्यादेच्या आत आहे' असा लावणे धोक्याचे आहे. अशा प्रश्नासाठी नमुना विरघळवून करावयाच्या आयसीपी-एमएससारख्या पद्धतीकडेच जावे.

चौथा प्रकार संयुगाचा. आणि त्याला एक्सआरएफ उत्तर देऊच शकत नाही. मुक्त पारद, कज्जली आणि रससिंदूर या तिन्हींतील पारदाचा किरण एकच. हरतालातील आर्सेनिक आणि त्याहून कितीतरी अधिक विषारी असा सोमल यांत ही पद्धत भेद करीत नाही. त्यासाठी क्ष-किरण विवर्तन, म्हणजे एक्सआरडी, ही परीक्षा करावी लागते. नमुना अत्यल्प असेल तर ती आधी करावी, कारण योग्य रीतीने मांडल्यास तीत नमुना नष्ट होत नाही व तोच पुढे एक्सआरएफसाठी वापरता येतो.

नमुना उचलणे

पुडी उघडण्यापूर्वी तिचे छायाचित्र घ्यावे, एकूण वजन करावे आणि कागदासह जपून ठेवावी. कागदाचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. कागद गुळगुळीत व शुभ्र करण्यासाठी त्यात खडू, चिनी माती, टायटॅनियमचे ऑक्साइड घातलेले असते. चमच्याने कागद खरवडून काढलेल्या शंखभस्मात काही चुना कागदाचाही येतो. म्हणून पूड झटकून काढावी, खरवडू नये. आणि त्याच कागदाचा कोरा तुकडा स्वतंत्रपणे तपासून घ्यावा.

डबीत बराच काळ राहिलेल्या मिश्रणात जड कण तळाशी जातात. कज्जलीयुक्त कल्पात हे विशेष घडते. म्हणून वरवरची चिमूट कधीही घेऊ नये. संपूर्ण पूड बटर पेपरवर काढून, कागदाचे समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने उचलीत वीस-पंचवीस वेळा लोळवावी. मग तिचा लहान ढीग करून, वरून चपटा करून, चार भाग करावेत. समोरासमोरचे दोन भाग एकत्र घ्यावेत, उरलेले दोन राखून ठेवावेत. हवे तेवढे प्रमाण होईपर्यंत हीच कृती करावी. राखीव भाग मोहोरबंद करून त्यावर दिनांक, वजन व सही असावी. निम्म्याहून अधिक नमुना कोणत्याही परिस्थितीत पहिल्या तपासणीत खर्च करू नये.

कण किती बारीक हवेत, याचे उत्तर साध्या गणिताने मिळते. घनता ४ असलेल्या द्रव्याचा २०० मायक्रॉन व्यासाचा कण सुमारे १७ मायक्रोग्रॅम वजनाचा असतो. म्हणजे १० मि.ग्रॅ. नमुन्यात असे जेमतेम ६०० कण मावतात. त्यांत एखादे अशुद्ध द्रव्य शेकडा १ असेल तर त्याचे कण ६ येतील. पण निव्वळ योगायोगाने कधी ३ येतील, कधी ९. हाच नमुना ५० मायक्रॉनपर्यंत वाटला तर कणांची संख्या ३८ हजारांवर जाते, अशुद्धीचे कण सुमारे ३८० होतात आणि योगायोगाचा फरक शेकडा ५ च्या आसपास येतो. नमुना जितका लहान, तितके पेषण अधिक सूक्ष्म, हा नियम यातून निघतो.

पेषण व वाळवण

भस्म रेखापूर्ण असले तरी त्याचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून गाठी झालेल्या असतात. म्हणून पेषण टाळता येत नाही. परंतु रसशाळेतील खल येथे वापरू नये. लोहखलात वाटलेल्या नमुन्यात लोह येते, पोलादी चक्कीतून लोहासह क्रोमियम येते, टंगस्टन कार्बाइडच्या भांड्यातून टंगस्टन व कोबाल्ट येतात. अल्प नमुन्यासाठी अकीकाचा लहान खल उत्तम. त्यातून आलीच तर थोडी सिलिका येते. अभ्रकाचा नमुना असेल तर तेवढे ध्यानात ठेवावे. खनिजाचा खडा थेट खलात न कुटता जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत ठेवून फोडावा, म्हणजे चुरा उडून जात नाही.

पेषणास निर्जल अल्कोहोलचे दोन-चार थेंब घालावेत. धूळ उडत नाही, गाठी सुटतात आणि थोड्या वेळात अल्कोहोल उडून जाते. पाणी वापरू नये, कारण कळीचा चुना पाण्याशी संयोग पावतो व टंकणासारखी द्रव्ये विरघळतात. ७५ मायक्रॉनची, म्हणजे २०० क्रमांकाची, नायलॉनची चाळणी वापरावी. चाळणीवर राहिलेला अंश टाकून देऊ नये. तो पुन्हा वाटून पूर्णपणे चाळणीखाली उतरवावा. जे कठीण असते तेच वर राहते. ते टाकले तर नमुन्याचे घटकच बदलतात.

गुग्गुळ वा शिलाजतू असलेल्या वट्या खलाला चिकटतात. त्या घट्ट झाकणाच्या बाटलीत घालून शीतकपाटाच्या बर्फकप्प्यात रात्रभर ठेवाव्यात आणि कडक झाल्यावर त्वरेने वाटाव्यात. बाटली तपमानावर येण्यापूर्वी उघडी ठेवल्यास दव जमते, याकडे लक्ष असावे.

एका बैठकीत अनेक नमुने असतील तर ज्यात धातू कमी अपेक्षित आहे तो प्रथम व नागभस्म, रससिंदूर यांसारखे शेवटी, असा क्रम ठेवावा. दोन नमुन्यांच्या मधे शुद्ध वाळू वाटून खल घासावा, अल्कोहोलने पुसावा, आणि मग शुद्ध सेल्युलोजची पूड वाटून तीच एक नमुना म्हणून यंत्राला द्यावी. या कोऱ्या नमुन्यात शिसे दिसले तर ते आपल्या खलातले आहे.

वाळवण्यासाठी १०५ अंशांची भट्टी ही प्रयोगशाळेची नेहमीची रीत. पारदयुक्त नमुन्यासाठी ती सर्वथा वर्ज्य होय, कारण मुक्त पारदाची वाफ होते. गोदंतीतील स्फटिकजलही उष्णतेने निघू लागते. असे नमुने सिलिका जेल घातलेल्या बंद भांड्यात दोन दिवस ठेवून कोरडे करावेत. हरताल, मनःशिला व पारद हाताळताना हातमोजे व मुखपट्टी असावी, अंगठी काढून ठेवावी, पूड तोंडाने फुंकू नये आणि धुवण मोरीत सोडू नये.

उपलब्ध प्रमाणानुसार मांडणी

अ) एक ग्रॅम वा अधिक : तळाला पातळ पडदा लावलेल्या प्लास्टिकच्या पेल्यात सुटी पूड भरावी. पडदा ४ मायक्रॉनच्या पॉलिप्रॉपिलीनचा असल्यास हलक्या मूलद्रव्यांचे किरण कमी अडतात. पॉलिस्टरचा पडदा मजबूत असतो, पण त्यात अल्पांश अशुद्धी असू शकतात. म्हणून रिकाम्या पेल्याचेही मापन घ्यावे. पेला टेबलावर ठरावीक वेळा आपटून पूड बसवावी. सुटी पूड निर्वात कक्षात देऊ नये. ती उडून यंत्राचे नुकसान होते. हलक्या मूलद्रव्यांसाठी हेलियम वायूची सोय असलेले यंत्र निवडावे.

आ) शंभर ते पाचशे मिलिग्रॅम : दोन गुंजांची पुडी या गटात येते. येथे चकती हा उत्तम मार्ग. १३ मि.मी. व्यासाच्या साच्यात तळाशी बोरिक ॲसिडचा आधार देऊन त्यावर नमुन्याचा सलग थर पसरावा व दाब द्यावा. आधारामुळे चकती तुटत नाही आणि नमुना पृष्ठभागावरच राहतो. पूड बांधली जात नसेल तर सेल्युलोज वा सूक्ष्म मेण मिसळावे, परंतु त्याचे गणित विसरू नये. १०० मि.ग्रॅ. नमुन्यात ४०० मि.ग्रॅ. सेल्युलोज मिसळले तर दहा लक्षांत ५० भाग असलेले शिसे १० भागांवर येते. प्रमुख घटकांना ही विरलता उपकारक ठरते, कारण जड मूलद्रव्यांकडून होणारे शोषण कमी होते. अल्पांश घटक मात्र तीत हरवतात. निश्चंद्र नसलेल्या कज्जलीवर दाब देऊ नये; मुक्त पारद पिळून निघतो व साचा दूषित होतो.

इ) एक ते दहा मिलिग्रॅम : एवढ्या नमुन्याची चकती करू नये, पातळ थर करावा. सूक्ष्म पेषण केलेला १ मि.ग्रॅ. नमुना अल्कोहोलात ढवळून ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर गाळावा व दोन पातळ पडद्यांमध्ये बसवावा. थर इतका पातळ असतो की बहुतेक जड मूलद्रव्यांचे किरण जवळजवळ न अडता बाहेर येतात आणि ताम्र व लोह यांसारखी गुणोत्तरे सरळ मिळतात. गाळलेला थर एकसारखा दिसला पाहिजे. मधे जाड व कडेला विरळ असेल तर पुन्हा करावा. येथे अल्पांशाची अपेक्षा मात्र धरू नये. १ मि.ग्रॅ. नमुन्यात दहा लक्षांत १० भाग शिसे म्हणजे अवघे १० नॅनोग्रॅम. साध्या यंत्राला ते सहसा दिसत नाही. संपूर्ण परावर्तनावर आधारलेले टीएक्सआरएफ हे यंत्र उपलब्ध असल्यास गोष्ट वेगळी. त्यात गुळगुळीत क्वार्ट्जच्या तबकडीवर नमुन्याचा थेंब सुकवितात व ज्ञात प्रमाणात गॅलियम मिसळून त्याच्याशी तुलना करतात. तेथे मायक्रोग्रॅम नमुनाही पुरतो.

ई) एकच खडा : भिंगाखाली खड्यावरील माती व गारगोटीचे कण काढावेत, अल्कोहोलने धुवावा, सपाट बाजू किरणाकडे करून बसवावा. किरणाचा झोत खड्यापेक्षा मोठा असेल तर यंत्र बैठकीचेही वर्णन करते. म्हणून झोत लहान करणारी खिडकी मागून घ्यावी. स्फटिकरूप खड्यात किरणांच्या परावर्तनामुळे काही खोटी शिखरे आलेखात दिसतात. खडा थोडा फिरवून पुन्हा मापन करावे. खोटे शिखर सरकते वा नाहीसे होते, मूलद्रव्याचे शिखर जागीच राहते.

लिथियम टेट्राबोरेटबरोबर वितळवून काचेची गोळी करण्याची पद्धत प्रयोगशाळा अनेकदा सुचवितात. अभ्रकासारख्या द्रव्यासाठी पुरेसा नमुना असल्यास ती उत्तम. परंतु सुमारे १००० ते ११०० अंशांवर पारद व गंधक उडून जातात आणि सल्फाइडे, शिसे वा आर्सेनिक यांच्यामुळे प्लॅटिनमची मूस खराब होते. म्हणून नमुन्यासोबतच्या पत्रात 'पारद, आर्सेनिक वा शिसे असण्याचा संभव' असे स्पष्ट लिहिणे हे प्रयोगशाळेविषयीचे आपले कर्तव्य आहे.

अहवालाचे वाचन

अहवाल आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, परस्परांवर पडणारी शिखरे. आर्सेनिकचा मुख्य किरण १०.५४ व शिशाचा १०.५५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टचा असतो. नागभस्मात आर्सेनिक किंवा रसमाणिक्यात शिसे 'आढळले' असे लिहिलेले दिसले तर शिशाचे १२.६१ व आर्सेनिकचे ११.७३ येथील शिखर पाहिले काय, हे विचारावे. त्या ठिकाणी शिखर नसेल तर तो निष्कर्ष स्वीकारू नये. तद्वतच गंधकाचा किरण २.३१, पारदाचा एक किरण २.२० व शिशाचा २.३४ येथे येतो. कज्जलीतील गंधकाचा अंक त्यामुळेच साध्या ऊर्जाविभेदी यंत्रावर संशयास्पद राहतो. तरंगलांबीविभेदी यंत्र हा भेद अधिक चांगला करते.

दुसरी, शंभर टक्क्यांची बेरीज. प्राणवायू, कार्बन व हायड्रोजन साध्या यंत्राला दिसत नाहीत. जी मूलद्रव्ये दिसली त्यांचीच बेरीज १०० करून अनेकदा अहवाल दिला जातो. आरोग्यवर्धिनीसारख्या कल्पात कुटकीचा मोठा अंश असतो. तो न दिसल्याने पारद, लोह व ताम्र यांचे टक्के कितीतरी पट फुगतात. तसेच वंगभस्माच्या अहवालात वंगाचे ऑक्साइड लिहिलेले असते ते यंत्राने पाहिलेले नसून, वंगाच्या अंकावरून गणिताने काढलेले असते. त्यावरून भस्म अपुनर्भव आहे असे म्हणता येत नाही. ती परीक्षा मित्रपंचकाबरोबर अग्नीवरच करावी लागते.

तिसरी, पुनरावृत्ती. एकाच चकतीचे तीनदा मापन करून घ्यावे आणि शक्य असल्यास त्याच पुडीच्या तीन स्वतंत्र चकत्याही कराव्यात. समजा, एका चकतीच्या तीन मापनांत लोह १२.१, १२.२ व १२.१ आले, आणि तीन चकत्यांत १०.४, १२.१ व १४.० आले. यंत्र स्थिर आहे. दोष मिसळण्यात वा पेषणात आहे. अशा वेळी पहिल्या तीन अंकांच्या आधारे 'अचूकता उत्तम' असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक होय. अल्प नमुन्याच्या कामात खरी अनिश्चितता दुसऱ्या ओळीतच दिसते आणि अहवालात तीच लिहिली गेली पाहिजे.

रुग्ण समोर असताना

पोटात वारंवार मुरडा, मलावरोध, पांडुता, हिरडीवर निळसर रेषा, मनगटाचे दौर्बल्य अशी लक्षणे घेऊन रुग्ण येतो व सोबत नाव नसलेली पुडी आणतो, तेव्हा पुडीचा अहवाल येईपर्यंत थांबणे हे वैद्यधर्माला धरून नाही. ती पुडी तत्काळ बंद करावी, नीलेतील रक्त घेऊन त्यातील शिशाची तपासणी करून घ्यावी आणि गर्भिणी, बालक किंवा मस्तिष्कलक्षणे असलेला रुग्ण असल्यास विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात पाठवावा. उपचाराचा निर्णय रुग्णाच्या रक्तावर होतो. पुडीची परीक्षा करावयाची ती विषाचा उगम शोधण्यासाठी आणि तीच पुडी घेणाऱ्या इतर कुटुंबीयांच्या रक्षणासाठी.

याच कारणाने नमुन्याच्या सिद्धतेत कसूर झाली तर दोन्ही बाजूंनी हानी होते. लोहखलातले लोह, कागदातला चुना किंवा आधीच्या नमुन्याचे शिसे निर्दोष औषधावर आरोप आणते. उलट अतिविरल केलेल्या चकतीत खरे विष लपून राहते आणि रुग्ण तीच पुडी निःशंकपणे घेत राहतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या अनुसूची ई(१) मधील विषद्रव्ये असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे नियमाने बंधनकारक आहे. नाव, घटक व सूचना यांवाचून दिलेली पुडी ही अहवालापूर्वीच सदोष ठरते, हे आपल्या व्यवसायबंधूंनी स्वतःच्या औषधालयापासून ध्यानात घ्यावे.

उपसंहार

सारांश, प्रश्न लिहून काढणे, पुडी पूर्ण मिसळून चौभागणी करणे, अर्धा नमुना राखणे, अकीकाच्या खलात सूक्ष्म पेषण करणे, वजनानुसार मांडणी निवडणे, कोरा नमुना व तीन स्वतंत्र चकत्या देणे आणि नमुन्याचा सर्व इतिहास पत्रात लिहिणे, एवढी सप्तपदी पाळली तर दोन गुंजांतूनही विश्वासार्ह उत्तर मिळते. यांपैकी बहुतेक कामांना महाग यंत्र लागत नाही. लागते ती भस्म सिद्ध करताना आपण बाळगतो तीच सावधानता व तोच संयम. महाविद्यालयांच्या रसशास्त्र विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून एकाच भस्माच्या तीन स्वतंत्र चकत्या करवून घेऊन त्यांतील फरक मोजण्याचा साधा प्रात्यक्षिक पाठ सुरू करावा, अशी आमची सूचना आहे. यंत्राच्या अंकांविषयीचा अतिविश्वास आणि अकारण अविश्वास हे दोन्ही त्या एका पाठाने ओसरतील.